एचएलएचा अहवाल वाचताना

निवृत्त झाल्यावरही नात्यातले आणि ओळखीतले लोक मला तपासण्यांचे अहवाल पाठवत असतात. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत टिश्यू टायपिंगच्या, म्हणजे अवयव देणारा आणि घेणारा यांच्या पेशी जुळतात का हे पाहणाऱ्या, विभागात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली, हे त्यांना ठाऊक असते, आणि डॉक्टरांकडे पुन्हा जायला दोन-तीन दिवस असले की मधल्या काळातली काळजी माझ्याकडे येते. अहवाल पुष्कळदा एका ओळीचा असतो. ‘एचएलए-बी २७ : पॉझिटिव्ह.’ त्याखाली सही, शिक्का आणि तारीख एवढेच असते. मग विचारणा येते की, हे पॉझिटिव्ह आले आहे तर आता पुढे काय.

इतक्या वर्षांच्या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. एचएलएच्या अहवालाला स्वतःचा असा अर्थ नसतो. तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मागवला होता, यावर त्याचा अर्थ ठरतो. तोच एचएलए रेणू एका प्रश्नाच्या उत्तरात जवळजवळ निरर्थक असू शकतो आणि दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात जीव वाचवू शकतो. हे मत नीट समजावून सांगायचे तर आधी हा रेणू काय काम करतो, ते सांगावे लागेल.

शरीरातल्या केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिने असतात. पेशीच्या आत जी प्रथिने तयार होतात आणि मोडतात, त्यांचे लहान लहान तुकडे ही प्रथिने बाहेर आणून धरतात. दुकानदाराने आतल्या मालाचा नमुना दर्शनी फळीवर मांडावा, तसे. टी पेशी या रक्तातल्या फिरत्या संरक्षक पेशी हे तुकडे तपासत जातात. तुकडा आपल्याच प्रथिनाचा असला तर त्या पुढे निघतात आणि विषाणूच्या प्रथिनाचा असला तर त्या पेशीला मारतात. टी पेशी विषाणूला सुटा ओळखत नाही, आपल्याच शरीरातल्या एचएलएसारख्या रेणूच्या जोडीनेच ओळखते, हे झिंकरनागेल आणि डोहर्टी या शास्त्रज्ञांनी १९७४ साली ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा येथे उंदरांवर दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना १९९६ साली नोबेल मिळाले. तो तुकडा नेमका कुठे बसतो, हे मात्र १९८७ साली समजले. पामेला बियॉर्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचएलए-ए२ या रेणूची स्फटिकरचना प्रसिद्ध केली, तेव्हा रेणूच्या माथ्यावर एक लांबट खाच दिसली. तिच्या तळाशी एक पट्टा आणि दोन्ही कडांना दोन वेटोळी असतात, आणि मध्ये साधारण नऊ अमिनो आम्लांचा तुकडा बसतो.

सहाव्या गुणसूत्रावरच्या काही जनुकांकडे या रेणूंचे नकाशे असतात. ए, बी आणि सी ही तीन नावे नेहमी कानावर पडतात. डीआर, डीक्यू आणि डीपी ही दुसऱ्या गटातली. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. माणसाच्या शरीरात सर्वाधिक वैविध्य असलेली जनुके हीच आहेत. त्यांची आजवर नोंदलेली रूपे चाळीस हजारांच्या वर गेली आहेत, आणि त्यांतले महत्त्वाचे फरक बहुतांशी त्या खाचेतच एकवटलेले असतात. खाचेचा आकार बदलला की तिच्यात बसणारे तुकडे बदलतात, आणि तुकडे बदलले की कोणता विषाणू लवकर पकडला जाईल आणि कोणता निसटेल, हेही बदलते. एखाद्या साथीत सगळ्यांच्या खाचा सारख्याच असत्या, तर त्या खाचेतून सुटणारा एक विषाणू सगळी वस्ती संपवू शकला असता. म्हणून या विविधतेला मी समाजाची राखण मानते, आणि अहवालात दिसणाऱ्या एखाद्या रूपाला कोणी ‘खराब जनुक’ म्हटले की मला ते मनापासून खटकते.

मी कामाला लागले तेव्हा जनुकांचा क्रम वाचायची सोय आमच्याकडे नव्हती. तळहाताएवढी प्लास्टिकची एक थाळी असे, जिला तेरासाकी प्लेट म्हणत. तिच्यावर बारीक बारीक साठ किंवा बहात्तर खळगे असत. प्रत्येक खळग्यात आधी तेलाचा थेंब, म्हणजे आतला द्रव सुकत नाही. तेलाखाली एक मायक्रोलिटर सिरम, म्हणजे पेशी काढून उरलेला रक्तातला द्रव, ज्यात एका विशिष्ट एचएलएविरुद्धची अँटीबॉडी असे. मग रुग्णाच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या लिम्फोसाइट पेशी. अर्ध्या तासाने सशाचे कॉम्प्लिमेंट, म्हणजे अँटीबॉडी चिकटलेल्या पेशीला मारणारी रक्तातली प्रथिने. आणि तासाभराने इओसिनचा रंग. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी लहान आणि चकचकीत दिसत, मेलेल्या पेशी रंग पिऊन फुगलेल्या आणि काळपट दिसत. खळग्यातल्या पेशी मेल्या म्हणजे त्या खळग्यातल्या अँटीबॉडीला तिचा रेणू सापडला. आम्ही एकेका खळग्याला एकपासून आठपर्यंत गुण देत असू, आणि खळग्यांचा तो नकाशा जुळवून माणसाचा टाइप ठरवत असू. एक मायक्रोलिटर हाताने सोडताना श्वास रोखावा लागे, कारण थेंब खळग्याच्या कडेला लागला तर निकाल फसवा येई.

तो सिरम कुठून येई, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तो बाळंत झालेल्या स्त्रियांच्या रक्तातून येई. गर्भाच्या पेशींवर निम्मे एचएलए वडिलांचे असतात, आणि काही स्त्रियांच्या शरीरात त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात. अमेरिकेत रोझ पेन आणि हॉलंडमध्ये यॉन व्हान रूड यांनी १९५८ साली स्वतंत्रपणे हे दाखवले, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये झाँ दोसे यांनी वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णांच्या सिरममधून पहिला एचएलए रेणू ओळखला. दोसे यांना १९८० साली नोबेल मिळाले. त्यापुढची कित्येक दशके जगभरच्या किडनी आणि बोन मॅरो रोपणांची जुळणी ज्या सिरमवर झाली, तो कुणा ना कुणा आईच्या अंगातला होता. आमच्या विभागात किडनी द्यायलाही बहुधा आईच पुढे येई, त्यामुळे हे माझ्या विशेष लक्षात राहिले असावे.

आता बी २७ या रेणूकडे वळते. लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी १९७३ साली एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवले की, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या मणक्याच्या आजाराच्या बहुतेक रुग्णांमध्ये बी २७ असते. युरोपातल्या रुग्णांमध्ये हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास होते. एखाद्या आजाराचा आणि एखाद्या एचएलएचा इतका घट्ट संबंध तोवर दिसला नव्हता, त्यामुळे हा रेणू पाठ्यपुस्तकांत आणि डॉक्टरांच्या बोलण्यात कायमचा जाऊन बसला. उलट बाजूचा आकडा मात्र तितका पसरला नाही. ज्यांच्याकडे बी २७ आहे, अशा सर्वसाधारण शंभर माणसांपैकी पाचेक जणांनाच हा आजार होतो. बाकीचे जन्मभर सिंहगड चढतात, नातवंडे खांद्यावर घेतात आणि आपल्याकडे बी २७ आहे हे त्यांना कधी कळतही नाही.

माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा त्या पाचांतला निघाला. हिंजवडीत नोकरी, वय तिशीच्या आत, आणि पहाटे कंबर इतकी धरलेली की, पलंगावरून उठायला अर्धा तास लागे. चालायला लागले की मात्र हळूहळू मोकळे वाटे. विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी ऐकूनच संधिवाताच्या डॉक्टरांना संशय आला, एमआरआयमध्ये त्रिकास्थीच्या सांध्याला सूज दिसली, आणि मग बी २७ची तपासणी पॉझिटिव्ह आली. इथे त्या अहवालाला वजन होते, कारण तो लक्षणांच्या आणि एमआरआयच्या जोडीने उभा होता. उपचार सुरू झाले, रोजचा व्यायाम लागला आणि मुलगा आज बरा आहे.

त्यानंतर कुणाच्या तरी सल्ल्यावरून त्याच्या धाकट्या बहिणीचीही तपासणी केली गेली. तिला कसलाही त्रास नव्हता. तिचीही तपासणी पॉझिटिव्ह आली, आणि त्याच सुमारास तिचे लग्न ठरत होते. मुलाकडच्यांना कुठून तरी कळले, आणि त्यांनी पत्रिकेतल्या मंगळासारखे ते धरून ठेवले. एका संध्याकाळी भाचीचा फोन आला, “मावशी, तू बोलशील का त्यांच्याशी? माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसत नाहीये.” मी गेले, बोलले. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत हा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक असतो, हे मी लपवले नाही, पण त्यांच्यातलेही बहुसंख्य निरोगीच राहतात, हेही सांगितले, आणि उद्या तिची कंबर महिनोन् महिने पहाटे धरू लागली तर ते लवकर ओळखण्याइतकी माहिती आता घरात आहे, हेही सांगितले. लग्न झाले. तरीही तिची तपासणी करून कुणाला काय मिळाले, या प्रश्नाचे उत्तर मला सापडलेले नाही. कुठलेही लक्षण नसलेल्या मुलीला त्या अहवालामुळे कोणते औषध मिळणार होते, किंवा कोणते औषध टळणार होते? दोन्हींचे उत्तर ‘कोणतेही नाही’ असेच होते.

बी २७ हे एकच रूप नाही, हेही अशा वेळी सांगावेसे वाटते. भारतात आणि युरोपात बी*२७:०५ बऱ्यापैकी आढळते आणि त्याचा आजाराशी संबंध आहे. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर बी*२७:०९ आढळते आणि त्याचा आजाराशी तसा संबंध दिसत नाही. या दोहोंत फरक आहे तो एकाच अमिनो आम्लाचा, साखळीतल्या ११६व्या जागेवरचा, आणि ही जागा खाचेच्या तळाशी आहे. एका ठिकाणी अॅस्पार्टिक आम्ल, दुसऱ्या ठिकाणी हिस्टिडीन. एवढ्याने खाचेच्या टोकाशी असलेल्या खळगीचा स्वभाव बदलतो आणि तिच्यात बसणारे तुकडे बदलतात. बी २७ या रेणूमुळे मणक्याला सूज नेमकी कशी येते, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही, पण तुकडे कातरून योग्य लांबीचे करणाऱ्या इरॅप-१ या एन्झाइमची काही रूपे बी २७ असलेल्या माणसांतच धोका वाढवतात किंवा घटवतात, हे दिसून आले आहे. त्यामुळे संशय पुन्हा त्या खाचेत काय बसते, याकडेच जातो.

११६ हा आकडा पुढे पुन्हा येणार आहे. त्याआधी आमच्या शेजारच्या काकूंची हकिकत सांगायला हवी.

काकूंना चेहऱ्याच्या उजव्या बाजूला कळा येत. दात घासताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी, कधी कधी नुसत्या बोलण्यानेही गालापासून जबड्यापर्यंत असह्य कळ उठे. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया असे निदान झाले आणि कार्बामाझेपिन सुरू झाले. या दुखण्यावर हे जुने आणि खरोखर गुणकारी औषध आहे, आणि काकूंना आठवड्याभरात आराम पडला. तिसऱ्या आठवड्यात ताप आला, डोळे चुरचुरू लागले, ओठांना आणि तोंडाच्या आत फोड आले. घरच्यांना आधी साधा ताप वाटला, मग कांजिण्या वाटल्या. दोन दिवसांत छातीवर आणि पाठीवर काळपट चट्टे उठले आणि त्यांच्यावरची कातडी सुटू लागली. ज्या रुग्णालयात त्यांना नेले तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी औषध बंद करवले. याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. त्यात दहातला एक रुग्ण दगावतो, आणि कातडीचा मोठा भाग सुटणाऱ्या तीव्र रूपात तिघांतला जवळजवळ एक. काकू वाचल्या. त्यांच्या डोळ्यांतला ओलावा मात्र कायमचा कमी झाला, आणि आजही त्यांच्या पदराच्या गाठीला डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली असते. पुढे त्यांची तपासणी झाली, तेव्हा एचएलए-बी*१५:०२ सापडले.

हा संबंध तैवानमधल्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केला होता. कार्बामाझेपिनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन झालेल्या ४४ रुग्णांपैकी ४४ जणांकडे बी*१५:०२ होते; तेच औषध बिनत्रास घेणाऱ्या १०१ जणांपैकी फक्त तिघांकडे. माझ्या आयुष्यात इतका स्वच्छ निकाल मी क्वचितच वाचला आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली सूचना काढली की, आशियाई वंशाच्या रुग्णांना हे औषध सुरू करण्याआधी ही तपासणी करावी. त्याच माहितीपत्रकात भारतीयांमध्ये या रूपाचे सरासरी प्रमाण २ ते ४ टक्के असल्याचे आणि काही समाजांत ते अधिक असल्याचे म्हटले आहे. पुढे तैवानमध्येच ४,८०० हून अधिक लोकांची औषध देण्याआधी तपासणी झाली, त्यांतले ७.७ टक्के पॉझिटिव्ह निघाले, त्यांना दुसरे औषध दिले गेले, आणि जिथे साधारण दहा जणांना हा आजार होईल असा अंदाज होता, तिथे एकालाही झाला नाही. हा निकाल २०११ साली प्रसिद्ध झाला.

माझे सगळे म्हणणे ज्या ठिकाणी येऊन ठेपते, ते ठिकाण हे आहे. बी*१५:०२ असलेल्या माणसाने कार्बामाझेपिन घेतले तरी बहुतेक वेळा काहीच होत नाही. म्हणजे भाकीत करण्याच्या ताकदीने पाहिले, तर बी २७ आणि बी*१५:०२ यांत फारसे अंतर नाही. दोन्हींत शंभरातल्या थोड्यांनाच त्रास होतो. मग एक तपासणी निरोगी माणसाची करू नये आणि दुसरी प्रत्येक रुग्णाची करावी, असे मी का म्हणते? कारण मणक्याच्या आजाराला निमित्त होणारी गोष्ट कोणती आणि ती कधी येईल हे आपल्याला माहीत नाही, त्यामुळे ती टाळता येत नाही. गोळी मात्र आपणच देतो. ती कधी सुरू करायची, ते आपण ठरवतो, तिच्याऐवजी दुसरी द्यायची की नाही, तेही आपण ठरवतो, आणि दुसरी उपलब्ध असते. शंभरातल्या पाचांचा धोका टाळण्यासाठी पंचाण्णव जणांना दुसरी गोळी द्यावी लागली, तरी त्यात कुणाचे फारसे बिघडत नाही. तपासणीचा खर्च एकदाच येतो, आणि अतिदक्षता विभागातल्या थोड्याच दिवसांच्या बिलापुढे तो किरकोळ असतो. आपल्या शहरात मेंदूविकारतज्ज्ञ पुष्कळ आहेत आणि ही तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत; तरी औषधाच्या चिठ्ठीआधी तपासणीची चिठ्ठी लिहिली जातेच असे नाही, आणि याची मला मनस्वी खंत वाटते.

जे वाचक कित्येक वर्षे हेच औषध बिनत्रास घेत आहेत, त्यांनी हे वाचून ते बंद करू नये. ही प्रतिक्रिया येते ती बहुधा पहिल्या काही आठवड्यांत. पहिले दोन-तीन महिने सुखरूप गेले की धोका फार कमी होतो, आणि हे औषध फिटसाठीही दिले जाते; फिटचे औषध अचानक बंद करणे हेच मोठ्या धोक्याचे असते. काकूंच्या मुलाला मात्र मी आवर्जून सांगितले की, आईकडचे हे रूप त्याच्याकडे असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि त्याने तपासून घ्यावे. हा सल्ला आणि भाचीच्या तपासणीबद्दलची माझी नाराजी यांत विसंगती नाही. त्याला उद्या आकडी आली, तर कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन आणि फेनिटॉइन ही औषधे द्यायची की नाहीत, हे त्या अहवालावरून ठरणार आहे.

एकच रेणू राखणदारही असतो आणि घातकही ठरतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण मला एचएलए-बी*५७:०१ मध्ये दिसते, आणि त्याची गोष्ट एचआयव्हीच्या इतिहासात आहे. १९९२ साली पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली आणि पुढे भोसरीला तिची इमारत झाली. त्या काळात या आजाराचे नाव घ्यायलाही लोक घाबरत असत. औषधे नव्हती किंवा परवडणारी नव्हती, आणि तरीही जगभरात काही थोडे रुग्ण असे होते की, विषाणू शरीरात असूनही वर्षानुवर्षे ते टिकून राहत. अशा लोकांत बी*५७ आणि बी*२७ ही रूपे नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेळा सापडली. त्यांच्या खाचांत एचआयव्हीच्या आवरणाखालच्या कवचप्रथिनाचे असे तुकडे बसतात की, जे बदलायचे म्हटले तर विषाणूचीच ताकद घटते. तो निसटतो, पण दुबळा होऊन निसटतो. म्हणजे ज्या बी २७ मुळे भाचीचे लग्न अडले होते, तोच रेणू या आजारात आधार देणारा आहे.

आणि अॅबॅकॅव्हिर या एचआयव्हीच्याच औषधापुढे बी*५७:०१ धोक्याचे ठरते. ते घेणाऱ्यांपैकी पाच ते आठ टक्के रुग्णांना पहिल्या सहा आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या आणि धाप असा त्रास होई, आणि औषध थांबवून पुन्हा दिले तर जीवही जाई. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथल्या संशोधकांनी २००२ साली याचा संबंध बी*५७ शी जोडला. मग १९ देशांतल्या १,९५६ रुग्णांवर चाचणी झाली आणि २००८ साली तिचे निष्कर्ष आले. आधी तपासणी करून औषध दिलेल्या गटात त्वचाचाचणीने सिद्ध झालेली एकही प्रतिक्रिया नव्हती. न तपासलेल्या गटात ती २.७ टक्के होती. आज अॅबॅकॅव्हिरआधी ही तपासणी करणे हा जगभरच्या मार्गदर्शक सूचनांचा भाग आहे. कारणही २०१२ साली समजले. हे औषध थेट त्या खाचेच्या तळाशी, ११६व्या जागेजवळ जाऊन बसते आणि खाचेचा आकार बदलते. मग तिच्यात आजवर न बसलेले आपल्याच प्रथिनांचे तुकडे बसू लागतात, आणि टी पेशींना आपलीच पेशी परकी वाटू लागते. आफ्रिकेत आढळणारे बी*५७:०३ हे भावंड ११४ आणि ११६ या दोनच जागांवर वेगळे आहे, आणि त्याला अॅबॅकॅव्हिरचा हा त्रास होत नाही. बी २७ च्या वेळी जी जागा महत्त्वाची ठरली, तीच इथेही ठरते, हे प्रथम वाचले तेव्हा मी तो लेख पुन्हा पहिल्यापासून वाचला होता.

अशी आणखीही उदाहरणे आहेत. गाउटवरच्या अॅलोप्युरिनॉलच्या तीव्र प्रतिक्रियेचा संबंध बी*५८:०१ शी आहे. कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारात १९८२ पासून असलेल्या डॅप्सोनच्या प्रतिक्रियेचा संबंध बी*१३:०१ शी असल्याचे चीनमधल्या रुग्णांवरून २०१३ साली दिसले, आणि ज्या देशात आजही कुष्ठरोगाचे इतके रुग्ण सापडतात, त्या आपल्या देशाला हा निष्कर्ष अधिक जवळचा आहे. कोविडच्या काळात एकाच घरातला एक जण व्हेंटिलेटरवर आणि दुसऱ्याला साधी सर्दीही नाही, हे पुण्याने गल्लोगल्ली पाहिले. त्यामागे वय, इतर आजार, विषाणूची मात्रा अशी पुष्कळ कारणे होती. पण २०२३ साली अमेरिकेतल्या अभ्यासात असे दिसले की, बी*१५:०१ च्या दोन्ही प्रती असलेल्यांना लक्षणांविना संसर्ग होण्याची शक्यता आठ पटींहून अधिक होती, कारण त्यांच्या टी पेशींना साध्या सर्दीच्या कोरोना विषाणूची जुनी ओळख उपयोगी पडली. ०१ आणि ०२ यांतल्या एका आकड्याने गोष्ट कुठून कुठे जाते, ते काकूंच्या हकिकतीशी ताडून पाहावे. आणि काही तपासण्यांचे आयुष्य त्यांच्या औषधाइतकेच असते. हेपटायटिस सीवर इंटरफेरॉन लागू पडेल का, हे सांगणारा एका जनुकाचा फरक २००९ साली सापडला, तेव्हा आमच्या क्षेत्रात केवढा आनंद झाला होता. पाच-सहा वर्षांत थेट विषाणूवर चालणाऱ्या गोळ्या आल्या आणि ती तपासणी मागे पडली.

हे सगळे ज्ञान कुणाच्या रक्तातून तयार झाले, हा प्रश्न मला अधिकाधिक छळतो. वर सांगितलेला कोविडचा अभ्यास स्वतःला गोरे म्हणवणाऱ्या अमेरिकनांवरचा होता. डोळ्याच्या एका दुर्मीळ कर्करोगावर २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले टेबेंटाफस्प हे औषध फक्त ए*०२:०१ असलेल्या रुग्णांनाच चालते, कारण ते त्याच खाचेतला तुकडा ओळखण्यासाठी घडवलेले आहे. युरोपात निम्म्याच्या आसपास लोकांकडे हे रूप असते. आपल्याकडे ए२ असलेल्या पुष्कळांत ए*०२:११ आणि इतर भावंडे असतात. औषध घडवतानाच आपले रुग्ण मोठ्या संख्येने बाहेर राहिले. टाइप १ मधुमेहाच्या धोक्याची गुणसंख्या युरोपीय जनुकांवरून बसवलेली होती. ती भारतीयांना कितपत लागू पडते, हे रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातल्या आणि त्यांच्या हैदराबाद व इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या रुग्णांवर तपासले आणि २०२० साली प्रसिद्ध केले. गुणसंख्या बरीचशी लागू पडली, पण एचएलएच्या संबंधांत फरकही दिसले. असे काम पुष्कळ वाढायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

त्यात आपल्या समाजाची एक खास गोष्ट आहे. शतकानुशतके लग्ने जातीच्या आत होत राहिल्यामुळे एचएलएचे संच समाजागणिक वेगळे झाले आहेत. बोन मॅरोसाठी सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. ते जुळले नाही, तर नोंदणीतला परका दाता आपल्याच समाजातला निघण्याची शक्यता अधिक असते. बी*१५:०२ चे प्रमाण देशात सगळीकडे सारखे नाही, त्यामुळे ‘भारतीय सरासरी’ हा आकडा एखाद्या विशिष्ट घरासाठी फारसा कामाचा नसतो.

म्हणून प्रत्येकाचा संपूर्ण एचएलए टाइप एकदाच काढून रक्तगटासारखा नोंदवून ठेवावा, असे काही तरुण सहकारी म्हणतात. टाइप जन्मभर बदलत नाही, आणि आताची यंत्रे सगळी जनुके एका दमात वाचतात, त्यामुळे हे शक्य आहे. त्यांचा हेतू मला पटतो, आणि भाचीच्या होणाऱ्या सासरी काढलेली ती संध्याकाळ आठवली की, त्यांची सूचना मान्य करणे जड जाते. ज्या समाजात एका ओळीच्या अहवालावर लग्न अडते, तिथे सगळ्या ओळी छापून हातात देणे सुरक्षित नाही. माझ्या मते यंत्राने वाचावे सगळे, पण अहवालात छापावे ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. कार्बामाझेपिनसाठी विचारले असेल, तर बी*१५:०२ आहे की नाही एवढेच. किडनीच्या जुळणीसाठी विचारले असेल, तर दाता आणि रुग्ण यांची जुळणी. उरलेली माहिती प्रयोगशाळेत सुरक्षित राहील आणि पुढचा प्रश्न आला, तर पुन्हा रक्त न काढता त्याचे उत्तर देता येईल.

माझ्या जुन्या विभागातल्या मुली अजून कधी कधी सल्ल्यासाठी येतात. त्यांना मी सांगते की, मागणीपत्रावरचा ‘तपासणीचे कारण’ हा रकाना रिकामा असेल, तर नमुना यंत्रावर लावण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि तो रकाना भरून घ्या.